पाण्यातला थांबा

पळसदऱ्याच्या लोकांना लाँच नको होती, आणि का नको ते कुणी सांगत नव्हतं.

ज्ञानदा मूळची सांगलीची. धरणाकाठच्या गावांसाठी दळणवळणाचा आराखडा करायचं काम चौऱ्याण्णव साली तिच्या कचेरीला मिळालं आणि सातारा भागातलं पळसदरे तिच्या वाट्याला आलं. जुनं गाव केव्हाच पाण्याखाली गेलेलं. नवं गाव वर डोंगराच्या कडेला. साताऱ्याला जायचं म्हणजे सगळ्या जलाशयाला वळसा घालून, जंगलातून अर्ध्या दिवसाची पायपीट करायची, तेव्हा कुठं एसटी दिसायची. बाळंतिणीला नेतानाही तीच वाट.

तिचे साहेब मुकुल देशिंगकर यांचं मत ठरलेलं होतं. काठाकाठानं डोंगर फोडून रस्ता काढायचा. ज्ञानदाला ते पटेना. उभं जंगल तुटणार, आणि पावसात मोकळा झालेला डोंगर गावावरच यायचा. समोर एवढं पाणी पसरलंय, लाँच सोडली आणि पलीकडं गाडी वेळेवर उभी केली की झालं.

पण चावडीत तिनं लाँचचं नाव काढलं आणि माणसं एकेक करून उठून गेली. शेवटी मागं राहिली क्रांती, नाथाजी मान्यांची सून.

"ताई, त्या पान्यावरनं आमी न्हाई जायचो," ती म्हणाली. "मामंजींना इचारा. पर सांभाळून इचारा."

नाथाजी सैन्यातून निवृत्त झालेला गडी, सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. त्याला विचारल्यावर तो फक्त "उद्या चल माज्यासंगं" म्हणाला.

मे महिना होता. पाणी खूप खाली गेलेलं आणि जुना रस्ता उघडा पडलेला. भेगाळलेल्या गाळातून दोघं उतरत गेले. दोन्ही बाजूंना घरांची जोती, एक रिकामा पार, वाळून काळ्या पडलेल्या आंब्याचा बुंधा. ऊन भाजत होतं, तरी ज्ञानदाच्या अंगावर शिरशिरी आली. एवढ्या मोठ्या उघड्या जागेत एकही पाखरू नव्हतं.

रस्त्याच्या कडेला दगडी निवारा होता, गाळात अर्धा रुतलेला. एसटीचा थांबा.

"गोदावरी हितं बसली व्हती," नाथाजी म्हणाला. "माजी मालकीन. धरनाचं पानी चढत व्हतं, सामान वर न्हेत व्हतो आमी. तिचा भाऊ आजारी, म्हनून ती म्हायेराला निघाली. कोरेगावच्या अलीकडं तिचं गाव. आदल्या दिशीच गाडी बंद केलेली. गावात कुनालाच म्हाईत न्हवतं. वर डोंगरात धो धो पाऊस झाला, वढा आला, दोन्ही अंगाची वाट तुटली. ती गाडीची वाट बघत बसली ती बसलीच."

"मग?"

"मग काय! घावलीच न्हाई."

ज्ञानदा निवाऱ्याच्या सावलीत टेकली. तेवढ्यात खालच्या अंगाला चढावर गाडीचा आवाज आला. जुन्या इंजिनाची घरघर, गिअर बदलल्याचा करकराट. ती चटकन उठली. रस्ता पार पाण्याच्या कडेपर्यंत दिसत होता, आणि पुढं तर तो पाण्यातच शिरत होता. गाडी येणार कुठून? आवाज मात्र जवळ आला, अगदी समोर आला. तोंडावर गरम धुरकट वारा लागला. घंटी दोनदा वाजली आणि आवाज तसाच पुढं निघून गेला.

नाथाजीनं फेटा काढून हातात घेतला होता.

"थांबत न्हाई गं पोरी," तो म्हणाला. "रोज येती. पर थांबत न्हाई. अन् गोदावरी हाका मारती. पान्यावर गेलं की समद्यांना ऐकू येतंय."

ज्ञानदा परत आली आणि आराखडा लिहायला बसली. लाँचच्या वेळापत्रकात तिनं मध्ये एक थांबा घातला: जुने पळसदरे.

मुकुल हसले. "अहो, भर पाण्यात थांबा? चढणार कोण तिथं?"

"सर, तो थांबा ठेवलात तर लोक लाँचमध्ये बसतील. काढलात तर कुणीही बसणार नाही."

"कारण काय लिहू?"

"लोकांची मागणी आहे, एवढंच लिहा."

मुकुल यांनी तिच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. डोंगरातला रस्ता कागदावरच राहिला आणि दोन वर्षांनी लाँच आली.

पहिल्या दिवशी सगळं गाव काठावर उभं होतं, पण पुढं कुणी येईना. मग नाथाजी एकटाच फळीवरून आत गेला. ज्ञानदा त्याच्या मागोमाग गेली. मध्यावर आल्यावर लाँचवाल्या हरिबानं इंजिन बंद केलं. पाणी गप्प झालं. लाटा नव्हत्या, वारा नव्हता, तरी लाँच एका अंगाला किंचित कलली, कुणी काठावर पाय देऊन आत यावं तशी. नाथाजी बाकावर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

"चला," तो हरिबाला म्हणाला.

पलीकडं कोरेगावची गाडी उभी होती. ज्ञानदाला कोरेगावाहून सांगलीची रेल्वे धरायची होती. नाथाजी गाडीच्या दारापर्यंत आला, पण चढला नाही.

"तुम्ही नाही येत, आबा?"

"माजं काय काम तिकडं? तिला जायचं व्हतं."

गाडी सुटली तेव्हा तो सलाम ठोकल्यासारखा ताठ उभा होता.

साताऱ्यात गाडी खच्चून भरली. ज्ञानदाच्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती.

"बसा की," ज्ञानदा म्हणाली.

"नगं ताई. कोन तरी हाय न्हवं का तितं?"

कोरेगावच्या थोडं अलीकडं, एका फाट्यावर, गाडी थांबली. कुणी घंटी मारली नव्हती, कुणी उतरलं नाही. ड्रायव्हरनं मागं वळून कंडक्टरकडं पाहिलं, कंडक्टरनं खांदे उडवले. गाडी पुन्हा हलली.

मग ती बाई सहज पुढं आली, ज्ञानदाच्या शेजारी बसली आणि लेकराला मांडीवर घेऊन पदरानं त्याचा घाम पुसू लागली.