आईपुरता उजेड

संग्रहालयात दिव्यांचं काम बघणाऱ्या माणसाला सगळे मेणबत्ती म्हणायचे. उंच, किडकिडीत, वरच्या टोकाला जरा वाकलेला. गेली दोन वर्षं त्याला एकच काम होतं: दिवे मंद करायचे.

हे काम जतन विभागाच्या बाईंनी त्याच्यामागे लावलं होतं. तळमजल्यावर जलरंगातलं एक चित्र होतं. निळा झगा घातलेली एक बाई खिडकीशी केस वाळवत बसली आहे. उजेडाने असे रंग विटतात आणि विटलेला रंग काही केल्या परत येत नाही, हे बाईंचं म्हणणं खरंच होतं. उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. चित्रावर पन्नास लक्स असायचे. बाईंनी त्याचे तीस केले, मग पंधरा. मग त्यांच्या लक्षात आलं, की उजेड माणसांवरूनही परततो. पांढरा शर्ट घालून येणाऱ्यांना दारातच काळा कोट मिळू लागला. टक्कल असेल त्याला टोपी. संचालकांना टक्कल होतं, तेही निमूट टोपी घालून आत जायचे. शेवटी पाटी लागली: ‘कृपया दात काढू नयेत.’

एका सोमवारी मेणबत्ती शिडी घेऊन गेला, तर दिवाच गेलेला.

“कधीपासून?” त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

“झाले असतील तीन आठवडे.”

“मग बोलला का नाहीत?”

“अंधार आहे म्हणून लोक तक्रार करायचे, ते बंद झालं. मला वाटलं, दुरुस्त झाला.”

बाईंनी मीटर धरला. शून्य. त्यांना भरून आलं. “हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “असंच राहू दे.” संचालकांचीही ना नव्हती, कारण गर्दी वाढली होती. लोक मिट्ट काळोखात उभे राहायचे आणि “काय रंग आहे हो!” म्हणत बाहेर पडायचे.

मग एका दुपारी सुनेचा हात धरून एक आजी आल्या.

“त्या चित्रातली माझी आई आहे,” त्या मेणबत्तीला म्हणाल्या. “मी सहा वर्षांची होते, तेव्हा गेली. घरात तिचा एक फोटो नाही. चेहरा आठवत नाही मला.”

“आई, आपण परत कधीतरी येऊ,” सून म्हणाली.

“परत कधी? मी चौऱ्याऐंशीची आहे.”

अर्ज झाला. समिती तीनदा बसली. पहिली बैठक अर्ज पांढऱ्या कागदावर का, यातच संपली. अखेर परवानगी मिळाली: पन्नास लक्स, दहा सेकंद.

मेणबत्तीला त्या रात्री जेवण गेलं नाही. दहा सेकंदांत म्हाताऱ्या माणसाचा चष्माही नाकावर बसत नाही. सकाळी तो बाईंकडे गेला.

“बाई, चित्राला त्रास किती, ते उजेड गुणिले वेळ, असंच ना?”

“असंच.”

“मग पन्नासऐवजी तीन लक्स लावतो. तेवढ्याच त्रासात पावणेतीन मिनिटं मिळतात.”

“तीन लक्समध्ये त्यांना दिसणार काय, डोंबल?”

“आधी अर्धा तास अंधारात बसवायचं. डोळे सरावले, की तीन पुष्कळ होतात.”

बाईंनी हातातला मीटर खाली ठेवला. “इतकी वर्षं मी चित्राचंच बघितलं,” त्या म्हणाल्या. “बघणाऱ्यांच्या डोळ्यांचं डोक्यातच आलं नाही.”

चार स्टुलं मांडून चौघं काळोखात बसले. आजी, सून, बाई आणि मेणबत्ती. अर्ध्या तासाने त्याने नवा बसवलेला दिवा लावला. साय धरावी तसा उजेड चित्रावर हळूहळू धरला.

आजी पुढे वाकल्या.

“अगंबाई, हे नाक इथून आलं होय! सासरी जन्मभर बोलणी खाल्ली मी या नाकापायी.”

सून फिस्सकन हसली आणि पाटी आठवून तिने तोंडावर हात धरला.

“आणि चिडलीय बघ,” आजींचा आवाज बदलला. “मी चित्रकाराच्या पाण्यात बोटं बुडवत होते. रंग विरघळताना बघायचे होते मला. ‘हात काढ,’ म्हणाली. असंच, भुवई उचलून. तिचा आवाज... आला की गं मला!”

बाईंच्या हातात घड्याळ होतं. पावणेतीन मिनिटं झाली. तीन झाली. चौथं मिनिट संपल्यावर मेणबत्तीने त्यांच्याकडे पाहिलं.

“काटा दिसत नाहीये,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

पाच मिनिटांनी त्यानेच दिवा मालवला. आजींनी अंधारात त्याचा हात शोधून तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

पुढच्या महिन्यात समितीने हीच पद्धत सगळ्यांना लागू केली: अर्धा तास अंधार, मग थोडा वेळ चित्र. तेव्हापासून गर्दी निम्म्यावर आली आहे, पण येतात ते बसून राहतात. अंधारात शेजारच्याशी बोलायला लागतात. दोन भावांचं जुनं भांडण तिथे मिटलं. एक गृहस्थ रोज दुपारी नुसते झोपायला येतात. त्यांना कोणी उठवत नाही. घोरण्याने रंगांना धोका नाही, हे बाईंनी मोजून बघितलं आहे.