काचेच्या भांड्यातली ब्रह्मांडं

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये कापराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, तरी पापणी मिटायला कुणी तयार नव्हतं. व्यासपीठावरच्या उंच काचेच्या भांड्यात सोनेरी गोळे तळातून आपोआप वर येत, क्षणभर तरंगत आणि पुन्हा बुडत.

"ही ब्रह्मांडं!" आदिबिंदू महाराज माइकवर गरजले. "सायंटिस्ट म्हणतात, स्फोट झाला. आधी काय होतं विचारा, त-त-प-प होतं त्यांचं! आधी मी होतो. तिथे काळ नव्हता, म्हणून रोगही नव्हता. या भांड्यातलं तीर्थ घ्या, शरीर त्या क्षणात परत जातं. औषधं या परडीत टाका."

विश्वाच्याही आधीपासून असलेल्या या गृहस्थांना शिट्टी मारणारा माइक मात्र आवरत नव्हता.

दुसऱ्या रांगेत रुचिरा दातओठ खात बसली होती. ही विज्ञानाची शिक्षिका दर्शनाला आलीच नव्हती, सूड घ्यायला आली होती. गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी, दशरथरावांनी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या याच परडीत टाकल्या आणि महिन्याभरात मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. महाराजांनी निरोप धाडला, 'श्रद्धा कमी पडली.' आणि आज तिची आई वनमाला इन्सुलिनचं पेन मुठीत धरून उठली होती.

"आई, नको ना! बाबांचं काय झालं विसरलीस?"

"गप रव गो. तेंची श्रद्धा कमी पडली. माझी पडूची नाय."

पेन परडीत पडलं तशी रुचिरा व्यासपीठावर चढली. सेवेकरी हलायच्या आत तिनं भांड्यात हात घालून एक गोळा काढला, नखानं वर्ख खरवडला आणि पहिल्या रांगेतल्या सुनंदाबाईंच्या नाकाशी धरला.

"कापूर आहे की," सुनंदाबाई म्हणाल्या.

"कापूर तिकडे जळतोय, मावशी. हे तुमच्या शालूंच्या कपाटात असतं."

बाईंनी पुन्हा हुंगलं. "अगं बाई! ही तर डांबरगोळी!"

रुचिरानं माइक हिसकावला. "पाण्यात लिंबाचा रस आणि खायचा सोडा! बुडबुडे चिकटले की गोळी वर येते, फुटले की बुडते. सातवीच्या पोरांना दाखवते मी हे. कापराचा धूर करायचा तो हा वास लपवायला." तिनं भांड्यातलं पाणी पेल्यात घेऊन महाराजांपुढे धरलं. "डांबरगोळी विषारी असते. तुमचंच तीर्थ आहे. प्या!"

महाराज मागे सरकले. "आज... उपास आहे माझा."

"तीर्थाला कसला उपास रे?" मागून कुणीतरी ओरडलं. बाह्या सरसावून पोरं पुढे धावली.

"हात लावू नका!" रुचिरा कडाडली. "मला हा धडधाकट हवाय. पोलिसांना फोन केलाय. जादूटोणाविरोधी कायद्याखाली उभा राहू दे कोर्टात, आणि बाबांचं नाव ऐकू दे माझ्या तोंडून." तिला सूडच हवा होता आणि त्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

वनमालाबाई पुन्हा परडीशी आल्या होत्या. "मगे त्या स्फोटाच्या आधी काय होता गो?"

"माहीत नाही, आई. शास्त्रज्ञांनाही अजून नक्की माहीत नाही, ते शोधतायत. माहीत नाही म्हणणाऱ्यानं तुझं औषध कधी काढून घेतलंय का?"

तेवढं प्रत्येकानं स्वतःला विचारावं, की असल्या परड्या रिकाम्या राहतील.

वनमालाबाईंनी आपलं पेन शोधून कमरेला खोचलं आणि त्या महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या माणसाक मारलंस तू," त्या म्हणाल्या.