गोताचा गंज

मित्रांनो, मला गंज म्हणतात. लोखंडावर चढतो तो नव्हे; आमच्या नागपूरकडे मोठ्या पातेल्याचं हेच नाव. मी तांब्याचा, म्हातारा, आणि आता आतून काळा.

नागपूरच्या जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातल्या बावीस घरांनी घरटी एक फुटकं भांडं दिलं, आणि तांबटानं ते तांबं वितळवून, ठोकून मला घडवलं. ही बावीस घरं म्हणजे एक गोत. एकाच पूर्वजाचे चुलते, पुतणे, नातू. बारसं असो की तेरवी, भात माझ्यातच शिजायचा. मी ज्याच्या दारी गेलो तो गोतातला, ज्याला मला दिलं नाही तो बाहेरचा. एवढा मान! खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग प्लेग आला. लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले. तिथे बावीस घरांतला नत्थूजी वारला. गोतातला एकही जण खांदा द्यायला फिरकला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, कौशल्येनं, शेजारच्या झोपड्यांतल्या परजातीच्या चौघांना हाक मारली. त्यांनी नेलं. साथ सरली, आणि जे भीतीनं आले नव्हते त्यांनीच न्याय केला : परक्यांनी खांदा दिला, म्हणून कौशल्या गोताबाहेर.

पाच वर्षं मी तिच्या दारी गेलो नाही. मग तिच्या मुलीला, सुभद्रेला उमरेडचं स्थळ आलं. पाहुण्यांची अट एकच, मुलीच्या घराला तिच्या गोतानं आपलं मानलेलं हवं. कौशल्या गोताच्या म्होरक्याकडे, नात्यानं तिचे सासरे लागणाऱ्या रामाजीकडे गेली.

"मामाजी, माह्यासाठी नाही म्हनत. पोरीले तं पदरात घ्या."

म्हातारा विरघळला. "गोताले जेवन दे. पयला घास मी घेतो, मंग बाकीचे घेतीन. झालं."

मी तिच्या चुलीवर चढलो. सुभद्रेनं माझ्या काठाला हळदीचं बोट लावलं. पंगत बसली, उमरेडचे पाहुणेही बसले. रामाजीनं घास उचलला. तेवढ्यात शेजारी बसलेला गोतातला गणपतराव पुटपुटला, "पाहा बा. तुमच्या नातीचं लगन व्हाचं हाये अजून."

हात थांबला.

"मंग तू घे पयले," रामाजी म्हणाला.

"मी कसा घेऊ गा? मोठे तुम्ही."

"देवराव, तू घे."

"मले भूकच नाही आज."

बाकीची एकवीस घरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसली. इकडे माझ्यातला भात निवत गेला. शेवटी रामाजीनं घास पानावर ठेवला आणि हातावर पाणी घेतलं. पंगत उठली. उमरेडच्या पाहुण्यांनी बैल जुंपले. सुभद्रा रडली नाही. भरलेली पानं उचलत राहिली.

मायलेकींनी मला आखरावर नेलं, जिथे मोहल्ल्याची गुरं जमत. भात त्यांच्यापुढे ओतला. गिरिधर मास्तर आपली गाय घ्यायला आले होते. सुभद्रेनं विचारलं, "मास्तर, हे गोत म्हंजे असते तरी काय?"

मास्तरांनी गाईचं दावं हातात घेतलं. "गोत म्हणजे गोत्र, पोरी. अन् गोत्र म्हणजे मुळात गाईंचं कुंपण. ज्यांच्या गाई एका कुंपणात राहत, ती माणसं एका गोताची."

बावीस घरांच्या गाई एकमेकींना ढुसण्या देत भात खात होत्या.

"म्हंजे गाई तं आल्या, माय," सुभद्रा म्हणाली. "मानसंच राह्यली."

तिचं लग्न पुढे झालंच नाही. मला परत न्यायलाही कोणी आलं नाही. ज्या भांड्यातलं कोणी जेवलं नाही ते अपशकुनी म्हणे! कल्हई उडाली. एकेक करत गोतही पांगलं. आता सुभद्रेचे केस पांढरे झालेत. तिच्या परसात मी पडून असतो.

मित्रांनो, भांड्यांना वेळेवर कल्हई करा, हे तर सांगायलाच हवं. पण दुसरं त्याहून मोठं. कधी एखाद्या पंगतीत सगळ्यांचे हात थबकलेले दिसले, तर वडीलधाऱ्यांची वाट पाहू नका. तुम्ही लहान आहात, तुमच्यावर कोणी रागावणार नाही. तुम्ही आधी जेवा. भात फार वेळ ऊन राहत नाही.