हरकत नाही म्हणणाऱ्या घराचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. बोलणं हे माझं काम नाही. उघडणं आणि मिटणं हे माझं काम. ते मी बावन्न वर्षं चोख केलं. कधी करकरलो असेन, पण ती तेलाची चूक, माझी नव्हे.

मी शाळा पाहिलेली नाही. मला दोनच गोष्टी येतात. आत कोण गेलं ते मोजायचं आणि बाहेर कोण आलं ते मोजायचं. त्यात मी कधी चुकलो नाही. म्हणून पुढे जे सांगतो ते खरं माना.

ज्याने घर बांधलं तो गवंडी, आणि तोच मालक. पुढे सगळे त्याला थोरले म्हणू लागले. मला घडवणाऱ्या सुताराने त्याला विचारलं होतं, "दार घराचं की दुकानाचं?"

"दिसत नाही का तुला? संसार मांडतोय इथे."

"विचारावं लागतं. घराचं दार आत उघडतं. दुकानाचं बाहेर."

"मग आत उघडू दे. आणि मजबूत कर. मी मरेन, हे मरता कामा नये."

सुताराने चौकटीला खाच पाडली. त्या खाचेत मी टेकलो की संपलं. बाहेर झुकायला मला जागाच नव्हती.

मागच्या बाजूला आणखी एक दार आहे. ते थोरल्यांनी नंतर पाडलं, कोणाची परवानगी न काढता. मी त्याला दार म्हणत नाही. फळी म्हणतो. घराच्या नकाशातही ते नाही.

थोरल्यांची बायको माझ्यातून आली आणि खांद्यावरून गेली. मुलगा मोठा झाला. त्याने सूनबाई आणली. एका सकाळी तो कामावर गेला आणि संध्याकाळी चौघांनी उचलून आणला. त्याला आला म्हणून धरायचं की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही.

मग घरात दोघंच उरली. थोरल्यांचे पाय गेले. त्यांची खाट आतल्या खोलीत, माझ्या अगदी समोर. सूनबाईचं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत. दिवसभर यंत्राची टकटक आणि दोघांची टकटक.

"सूनबाई, तेल घाल. म्हातारं कुरकुरतंय सकाळपासून."

"कोण, दार?"

"मग कोण? मी कुरकुरत नाही. मी बोलतो."

सूनबाईला एक सवय होती. कोणी काही म्हटलं की तिच्या तोंडून निघायचं, हरकत नाही. कपडे न्यायला आठ दिवस उशिरा आले, हरकत नाही. शिवलेलं उसवून परत शिवायला सांगितलं, हरकत नाही.

थोरले चिडायचे. "उद्या कोणी म्हणेल, बाई, तुमचं डोकं जरा उसनं नेऊ का, तर तू म्हणशील हरकत नाही."

"नेऊ दे की, मामंजी. तुमच्याशी वाद घालून त्यात उरलंय काय?"

शेजारी एक रंगारी राहायचा, पाट्या रंगवणारा. त्याने प्रेमाने तिच्यासाठी एक पाटी रंगवली. 'येथे कपडे शिवून मिळतील.' चार खिळे माझ्या छातीत ठोकले. मी हूं की चूं केलं नाही.

थोरले आतून म्हणाले, "घराला पाटी कशाला? लोक नावं ठेवतील."

"नावं ठेवायला लोकांना पाटी लागत नाही, मामंजी."

तिथे चूक झाली. पण तेव्हा ती कोणालाच दिसली नाही. मलाही नाही.

एका दुपारी नगर नियोजन कार्यालयातून मोजणीवाला आला. हातात जाड कागद, दोन रंगांच्या पेन्सिली. पिवळी राहत्या घरांसाठी, निळी दुकानांसाठी. आमच्या गल्लीत अकरा घरं. त्याने दहा दारं ठोठावली. आत किती माणसं राहतात ते विचारलं आणि लिहिलं. माझ्यापुढे आला, पाटी वाचली, आणि ठोठावलंच नाही. कागदावर निळा ठिपका दिला आणि गेला.

आतून थोरल्यांनी विचारलं, "कोण आहे गं?"

सूनबाईने खिडकीतून पाहिलं. "कोणी नाही."

महिन्याभराने खांबावर नोटीस लागली. रंगाऱ्याने ती माझ्यापुढे उभं राहून वाचून दाखवली. गल्ली राहत्या वापरातून काढून व्यापारी वापरात घालायची होती. कारण दिलं होतं, या गल्लीत व्यापार आधीपासून चालू आहे. कोणाची हरकत असेल तर त्याने कार्यालयात येऊन नोंदवावी.

रंगाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "वहिनी, आधीपासून म्हणजे तुमची पाटी हो. माझ्याच हाताने गल्ली बुडवली मी."

"तुम्ही अक्षरं काढलीत, भाऊजी. खिळे मी ठोकून घेतले."

बाकीच्यांना फारसं वाईट वाटलं नाही. चांगला भाव मिळाला, सामान बांधलं, निघाले. सूनबाईला ते जमणारं नव्हतं. थोरल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मला इथून उचललंत तर मी वाटेतच संपेन."

ती म्हणाली, "तुम्हाला या घरातून कोणी नेणार नाही, मामंजी. मी बसलेय ना."

हा शब्द तिने माझ्यासमोर दिला. मी साक्षीला आहे.

ती कार्यालयात गेली आणि दुपारी हसत परत आली.

"झालं काम. कारकून भला माणूस. साहेब जागेवर नव्हते, तर म्हणाला, मीच तुमचं म्हणणं लिहून घेतलं तर चालेल का?"

"मग?"

"मग काय. म्हटलं, हरकत नाही."

थोरल्यांनी तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "पावती वाच."

तिने पावती उलगडली. "घर क्रमांक सात. स्वतः हजर. विचारणा केली असता सांगितले की..." पुढच्या दोन शब्दांवर तिने अंगठा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती धावत गेली. कारकून शांतपणे म्हणाला, "बाई, शब्द तुमचाच आहे. आम्ही लिहिलेलं बदलत नाही."

नकाशा मंजूर झाला. सगळी गल्ली निळी झाली.

त्याच सकाळी सूनबाईने कडी काढून मला नेहमीसारखं आत ओढलं. मी बाहेर उघडलो.

चौकटीची खाच होती तशीच होती. बिजागऱ्यांना कोणी हात लावला नव्हता. तरी मी बाहेर उघडलो. सूनबाई हात पुढे करून तशीच उभी राहिली.

खाटेवरून थोरले म्हणाले, "दार उलटं उघडलं."

"लाकूड आहे, मामंजी. वाकलं असेल."

"मी गवंडी आहे. मला शिकवू नकोस."

दुपारी ते आले. सात जण. पुढच्याचे बूट चकचकीत. गल्ली खणून ठेवली होती, गुडघाभर माती होती, पण त्याच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. पावलांचा आवाज नव्हता. त्याने ठोठावलं नाही. मला ढकललं आणि सूनबाईला विचारलं, "आत पाहिलं तर चालेल?"

"हरकत..." तिने जीभ चावली. पण अर्धा शब्द निघून गेला होता. तेवढा त्यांना पुरला.

ते भिंती पाहू लागले. आपसांत बोलू लागले, अगदी साध्या आवाजात. "काउंटर इथे." "काच इथून तिथपर्यंत." एकाने जाता जाता शिवणयंत्राच्या चाकावर बोट ठेवलं. ते थांबलं. तिने पायडल कितीही दाबलं तरी चाक फिरेना. मग तो आतल्या खोलीच्या तोंडाशी गेला.

"हे काय?"

"जुनं सामान."

थोरले ओरडले, "सामान तुझा बाप!"

कोणी मान वळवली नाही.

"काढावं लागेल."

"काढू."

ते गेले. सात आत आले होते. बाहेर सहाच गेले. मी दोनदा मोजलं.

सूनबाईने सगळं घर पाहिलं. तिला कोणी दिसलं नाही. मला दिसला. मी आत उघडायचो तेव्हा माझ्यामागे एक कोपरा झाकला जायचा. आता तो झाकायला मी नव्हतो. तिथे तो उभा होता, चकचकीत बूटवाला, भिंतीकडे तोंड करून. रोज केर काढताना सूनबाईचा झाडू त्या बुटांपाशी यायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. आपण का वळलो ते तिला कळायचं नाही.

बाकीचे सहा रोज दुपारी यायचे आणि सहा जायचे. मी खाचेला चिकटून राहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दुकानाचा दरवाजा गिऱ्हाइकाला अडवत नाही. माझ्या म्हणण्याला किंमत उरली नव्हती.

थोरल्यांचा आवाज बारीक होऊ लागला. ते बोलायचे आणि सूनबाई विचारायची, "काय म्हणालात?" आधी एकदा, मग तीनतीनदा. ते चिडून ओरडायचे, आणि ती कान पुढे करायची.

गल्लीतला शेवटचा शेजारी म्हणजे रंगारी. तोही निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा सरळ खाटेकडे पाहून म्हणाला, "वहिनी, थोरले कधी गेले? कळवलं पण नाहीत."

थोरले त्याच्याकडेच बघत होते.

"भाऊजी, काय बोलता! हे काय समोर!"

"कुठे?" त्याने डोळे चोळले. पुन्हा चोळले. "हो, हो. आहेत की. डोळ्यांत रंग गेला असेल माझ्या." पण तो खाटेजवळ गेला नाही. पाठ न वळवता उंबऱ्याबाहेर पडला.

मग तो दिवस आला. सहा जण आत आले आणि कोपऱ्यातला वळला. त्याच्या हातात कागद होता.

"आज सामान काढायचं."

त्यांच्यातला एक आतल्या खोलीत गेला. त्याने थोरल्यांचा हात धरला. दोन वर्षं ज्या माणसाचा पाय हलला नव्हता, तो उठून बसला. उभा राहिला. चालू लागला. चेहरा शांत, डोळे उघडे.

"चला," थोरले म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "यांचं दुकान आहे. आपण कशाला अडवायचं?"

"मामंजी!"

त्यांनी ऐकलं नाही. बूटवाल्याने सूनबाईकडे पाहिलं. रीत म्हणून विचारावं तसं विचारलं, "यांना नेतो, बाई. हरकत?"

सगळ्या जन्माची सवय तिच्या ओठांवर आली. मी पाहिली. तिचं तोंड उघडलं, मिटलं.

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"हरकत आहे. हे राहतात इथे. मी राहते इथे. सामान नाहीत ते, माझे मामंजी आहेत. हरकत आहे! लिहा!"

त्याने कागद पाहिला. "लिहिलेलं बदलत नाही."

पण थोरल्यांचा हात सुटला. हवी ती वस्तू नसली की गिऱ्हाईक जसं निघून जातं, तसे ते सहाही निघाले. सहा बाहेर गेले. आणि थोरले आपल्या पायांनी त्यांच्या मागे चालत राहिले. सूनबाईने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. ती फरफटत आली. थोरल्यांचा एक पाय उंबऱ्यावर पडणार होता.

मी सांगितल्याशिवाय कधी हललो नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही. त्या दुपारी हललो. निळा रंग काय म्हणतो ते मी पाहिलं नाही. सुताराने पाडलेली खाच पाहिली. तीत जाऊन आदळलो आणि फुगलो. कोरडे दिवस होते, लाकूड फुगायचं काही कारण नव्हतं. तरी वरून, खालून, दोन्ही अंगांनी फुगलो, चौकट कण्हेपर्यंत.

थोरल्यांचं कपाळ माझ्यावर आपटलं. ते शुद्धीवर आले आणि मटकन खाली बसले.

"सूनबाई? मी इथे कसा?"

ती रडत होती आणि हसत होती. "दाराला तेल घालायला आलात, मामंजी."

त्यानंतर मी उघडलेलो नाही. सूनबाई मागच्या फळीतून ये-जा करते. फळी नकाशात नाही, म्हणून त्या वाटेने ते येत नाहीत. तिला आता मी दार म्हणतो. थोरल्यांचे पाय पुन्हा गेले, पण आवाज परत आला. गल्लीत दहा दुकानं झाली आहेत, सगळी काचेची. दुपारी लोक येतात, मला ढकलतात, "बंद दिसतंय" म्हणून पुढे जातात. कार्यालयाच्या कागदावर आमचं नाव आहे, 'दुकान, बंद.'

एक गोष्ट उरते. फुगताना ती मला ठाऊक होती, तरी मी फुगलो. सहा आले होते, सहा गेले. पहिल्या दिवशीचा सातवा गेलेला नाही. तो कोपऱ्यातच आहे. मी उघडलो तर तो जाईल, पण एकटा जाणार नाही. म्हणून मी उघडत नाही. आता त्याचं तोंड भिंतीकडे नसतं. तो माझ्याकडे बघत असतो.

मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. मला लिहिता येत नाही, तुम्हाला येतं. कुठल्याही कागदावर लिहा. घर क्रमांक सात. आत दोन माणसं राहतात, एक सासरा आणि एक सून. 'राहतात' हाच शब्द लिहा, दुसरा नको. तिसरा राहत नाही. तो नुसता थांबला आहे. त्याला मोजू नका.