साठावी सही

हार्लो मिल्स या गावातल्या पहिल्या महिन्यात डोरीन शॅनली जेवढी थक्क झाली, तेवढी उभ्या आयुष्यात झाली नव्हती. त्रेसष्ट वर्षांची बाई, बोस्टनजवळच्या एका शाळेच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं पोरांना हाकलून झालेली. तिला थक्क करणं सोपं नव्हतं. पण इथलं सगळंच उफराटं! कॉलेजात मार्कच देत नाहीत. पोरं बाहुल्या नाचवण्यात पदवी घेतात, आणि आईबाप पदवीदानाला येऊन अभिमानाने रडतात. वाचनालयातून पुस्तकांबरोबर केकची भांडी आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनसुद्धा घरी नेता येतं. मार्शल नावाचे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक भर बर्फात अनवाणी किराणा आणायला जातात आणि कोणी मान वर करून बघत नाही. आणि दर दुसऱ्या अंगणात पाटी: ‘इथे सगळ्यांचं स्वागत आहे.’ तीसुद्धा सहा भाषांत.

हे गाव सापडायला तिला दोन वर्षं लागली होती. घरमालकाने भाडं असं वाढवलं की पेन्शन आली कधी नि गेली कधी, पत्ता लागेना. मग तिने एक वही केली. स्वस्त हवं, मोकळ्या मनाचं हवं, आणि जरा तिरपागडं हवं, कारण सरळसोट गावात तिचा जीव गुदमरे. स्वस्त गावं बघितली, तिथे तोंड उघडायची चोरी. मोकळी गावं बघितली, तिथे खिसा उघडायची भीती. एका गावात दोन्ही जमलं, पण तिथलं कॉलेजच आदल्या वर्षी बंद पडलेलं. अशी सव्वीस गावं खोडली, आणि सत्ताविसावं हे.

हे तरी स्वस्त होतं का? छे! भाड्याचे आकडे ऐकून तिने फोन दोनदा कानाला लावला होता. पण गावाच्या मालकीची एक जुनी बंद पडलेली डेअरी होती. ती इमारत एक संस्था घेणार होती आणि आतून अठरा घरं काढणार होती, कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी, भाडं पेन्शनीच्या बेताचं. त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि डोरीनचा नंबर लागला सातवा. सातवा! त्या दिवशी ती गाडीत बसून एकटीच हसली होती.

तोवर आसरा द्यायला हेस्टर विगिन भेटली. कॉलेजात मातीची भांडी शिकवून निवृत्त झालेली, सत्तरीची, वेणीत रंगाचा ब्रश खोचून फिरणारी. तिने गॅरेजवरची खोली दिली. “भाड्याचं काय ते मागून बघू, आधी सूप पी,” असं पहिल्याच दिवशी म्हणाली. बाई खरंच सोन्यासारखी, यात खोटं नाही. पण डोरीनची पत्रं यायची ती ‘द्वारा हेस्टर विगिन’. रोज दारात ती हेस्टरच्या नावाची पत्रपेटी, त्यातून हेस्टरने काढून दिलेली पत्रं. डोरीनला आपली पेटी हवी होती. आपलं दार, आपली किल्ली आणि पेटीवर आपलं नाव. बस, एवढंच मागणं.

डेअरीचं मात्र तिने हेस्टरला सांगितलं नाही. लाज वाटली. इथे सगळे गरिबीबद्दल इतकं सुंदर बोलत, की मीच ती गरीब, असं मध्येच म्हणायचं धाडस होईना. “माझं एक घराचं काम चाललंय, होईल शरदात,” एवढंच म्हणायची. हेस्टर म्हणायची, “हो गं, राहा की तोवर!”

एप्रिलमध्ये तर डोरीन गावाच्या प्रेमातच पडली. पहिला उबदार पाऊस झाला की तिथले सॅलॅमँडर, म्हणजे काळ्या अंगाचे, पिवळ्या ठिपक्यांचे, पालीसारखे ओलसर जीव, जंगलातून तळ्याकडे निघतात. मध्ये रस्ता. मग गाव काय करतं? गाड्या अडवतं, आणि माणसं एकेकाला ओंजळीत धरून पलीकडे नेऊन सोडतात. डोरीनने त्या संध्याकाळी चौदा उचलले. हात गारठले, गुडघे बोलायला लागले, पण घरी आल्यावर ती हेस्टरला म्हणाली, “हेस्टर, मला मरायचं असेल तर याच गावात.”

“मरतेस कशाला, आधी मतदार म्हणून नाव तरी नोंदव,” हेस्टर म्हणाली. डोरीनने दुसऱ्याच दिवशी नोंदवलं.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत गावाची खास सभा होती. या भागात गावच्या मोठ्या निर्णयावर मतदारांपैकी साठ जणांनी सही करून हरकत घेतली, की सभा बोलवावीच लागते. मग सगळे जमतात, भांडतात, कार्ड वर करून मत देतात आणि वर एकत्र जेवतातही. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. डोरीनने गुळचट बीन्सचं भलं मोठं भांडं आणलं होतं. विषय होता डेअरीची विक्री. कोणीतरी हरकत घेतली होती म्हणे. कोण असतील मेले, डोरीनला वाटलं. डोंगरापलीकडचे बंगलेवाले असणार. इथली माणसं तशी नव्हेत.

हेस्टर शेजारीच बसली होती, विणकाम घेऊन. अध्यक्ष एल्विन कॉब, चाळीस गाईंचा धनी, हातोडा आपटून म्हणाला, “दुपारी मला धारा काढायच्यात. थोडक्यात बोला.”

पहिली उठली ती हेस्टर.

डोरीनला वाटलं, वा, आपली बाजू मांडायला उठली!

“आम्ही सगळे परवडणाऱ्या घरांच्या बाजूनेच आहोत,” हेस्टर म्हणाली, आणि टाळ्या पडल्या. “पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. डेअरीच्या मागेच तळं आहे. अठरा कुटुंबं, म्हणजे तीस-पस्तीस गाड्या. आपल्या सॅलॅमँडरचं काय होणार? आणि गावाचं रूप? ते एकदा गेलं की गेलं.”

डोरीनचं तोंड उघडंच राहिलं. हेस्टर? सूप पाजणारी हेस्टर? ती खाली बसली तेव्हा डोरीन तिच्याकडे बघतच राहिली, आणि हेस्टर तिचा हात थोपटून पुन्हा विणायला लागली.

मग मार्शल उठले. अनवाणीच. “मी माणसांच्या विरोधात नाही,” ते म्हणाले. “पण बाहेरून येणारी ही माणसं गावात मिसळतील का? पावसात उभं राहून सॅलॅमँडर उचलतील का? प्रश्न फक्त विचारतोय.”

त्या संध्याकाळी रस्त्यावर तिच्या शेजारी कंदील धरून कोण उभं होतं? हेच मार्शल! “शाबास डोरीन, चौदावा!” असं ओरडलं कोण? हेच!

मागून एक सुतार उठला, डेअरीच्या बाजूचा, तापलेला. “सही कोणी कोणी केलीये, ती नावं वाचा! कळू दे तरी!”

“वाच गं वेंडी,” एल्विन म्हणाला.

वेंडी ट्रास्क गावची कारकून. तिने चष्मा चढवला. “बासष्ट सह्या आल्या. त्यातली एक एका कुत्र्याची निघाली आणि एक कॉलेजच्या तळ्यातल्या हंसाची. त्या बाद. उरल्या साठ. साठच लागतात.” हशा पिकला. मग ती नावं वाचायला लागली. डोरीन एकेक नाव ऐकत होती. वाचनालयातली बाई. ब्रेडवाला. फिडल शिकवणारी पोरगी, जिच्या अंगणात सहा भाषांतली पाटी होती. एकेक जण तिच्या ओळखीचा, गोड बोलणारा. मेले म्हणून तिने ज्यांना मनात शिव्या घातल्या होत्या, ते हे!

“...आणि साठावी,” वेंडी म्हणाली, “डोरीन शॅनली.”

डोरीनने आधी मागे वळून बघितलं. दुसरी कोणी डोरीन शॅनली असेल, असं तिला खरंच एक क्षण वाटलं.

मग आठवलं. सहकारी किराणा दुकानाचं दार. तिथे रोज कोणीतरी पुठ्ठ्यावर कागद लावून उभं असतं, आणि गावातला प्रत्येक माणूस दूध-अंडी घ्यायला जाता जाता सही करून जातो. मधमाश्यांसाठी, नदीसाठी, कुठल्याशा तुरुंगातल्या कवीसाठी. डोरीननेही त्या वसंतात अकरा कागदांवर केल्या असतील. इथली झाल्याची ती खूणच वाटायची तिला. एकावर ठळक लिहिलं होतं, ‘सॅलॅमँडरची वाट वाचवा’. त्याखाली बारीक अक्षरात ‘प्लॉट क्रमांक १४-ब वरील व्यवहार’ असलं काहीतरी. चष्मा पर्समध्ये होता. सॅलॅमँडरला नाही कोण म्हणेल? तिने केली होती सही, वर एक हसरा चेहराही काढला होता.

देवा रे! स्वतःच्या घरावर स्वतःच्या हाताने!

“बघ,” हेस्टर तिच्या कानाशी कुजबुजली, आनंदाने, “तुझ्यामुळे जमलं हं. मुदतीला अर्धा तास राहिला होता आणि एकच कमी पडत होती.”

डोरीन उठली. “माझी सही काढून टाका,” ती म्हणाली.

“आता नाही काढता येत बाई,” एल्विन म्हणाला. “पण दोन मिनिटं बोला.”

“मी...” तिने पुढची खुर्ची धरली. “मी त्या डेअरीतली सातव्या नंबरची. चिठ्ठीत माझं नाव निघालंय. मी न वाचता सही केली, ती माझी चूक. पण बाहेरची माणसं, बाहेरची माणसं म्हणताय, ती मी. मार्शल, मी चौदा उचलले. तुम्ही मोजत होतात.”

मार्शल आपल्या पायांकडे बघत राहिले. डोरीनला राग आला होता, लाज वाटत होती, रडूही येत होतं, आणि सगळं एकदमच येत होतं. ती मटकन खाली बसली.

हेस्टरने विणकाम मांडीवर टाकून तिचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते, खरेखुरे. “अगं वेडे, आम्ही तुझ्याबद्दल थोडंच बोलत होतो!”

“मग कोणाबद्दल?”

तेवढ्यात एल्विनने हातोडा आपटला आणि कार्डं वर करायला सांगितलं. विक्री रद्द व्हावी असं वाटणाऱ्यांनी आधी. डोरीनने बघितलं. मार्शल यांचं कार्ड जरा थांबून वर गेलं. फिडलवालीचं गेलं. आणि शेजारी, डोळे पुसता पुसता, हेस्टरचंही वर गेलं. एकशे एकोणसाठ विरुद्ध एकशे सत्तेचाळीस. विक्री रद्द.

मग जेवण. आणि जेवणात जे झालं त्याने तर डोरीनचं डोकंच चालेनासं झालं. ज्यांनी कार्डं वर केली होती तीच माणसं ताटं घेऊन तिच्याभोवती जमली. ब्रेडवाल्याने मिठी मारली. वाचनालयातली बाई म्हणाली, “आमचा माळा रिकामाच आहे, हक्काने ये.” फिडलवालीच्या आईची मागची खोली रिकामी. मार्शल यांच्याकडे तर अख्खा वरचा मजला. “गावाने तुला कधी उघड्यावर टाकलं असतं का?” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. डोरीनने नकळत बोटं मोजली. अकरा खोल्या. तिच्या एकटीसाठी एका तासात अकरा रिकाम्या खोल्या निघाल्या, आणि अठरा घरांना मात्र गावात जागा नव्हती.

तिचं बीन्सचं भांडं चाटूनपुसून रिकामं झालं होतं. सगळ्यांनी कृती विचारली.

परतताना गाडी हेस्टर चालवत होती. वाटेत ती म्हणाली, “हे बघ, तू माझ्याकडेच राहा. एक वर्ष, दहा वर्षं, हवं तितकं. तुझंच घर समज.”

“खरंच?”

“अगं, म्हणजे काय!”

गाडी दारात वळली. पेटीवर हिरव्या रंगात, हेस्टरच्याच सुंदर वळणदार अक्षरात, विगिन.

“मग त्या पेटीवर माझं नाव लावशील?” डोरीनने विचारलं. “तुझ्या खाली. लहान अक्षरात चालेल.”

हेस्टरने गाडी बंद केली. किल्ली हातात घेऊन ती पेटीकडे बघत बसली.

“कशाला गं?” ती अखेर हळूच म्हणाली. “पोस्टमन ओळखतो की तुला.”

डोरीनने मागच्या सीटवरचं रिकामं भांडं उचललं आणि गाडीतून उतरली.