टिटवीची चाल

शर्मिलाताईंच्या ऑनलाइन गटाचा नियम एकच होता: बाहेर जा, पाहा, ऐका, मग गाणं लिहा. न पाहिलेलं लिहायचं नाही. मी नुकतीच एम.एस्सी. झालेली. मला हा नियम लगेच पटला.

मांजरी गावात आमच्या इमारतीशेजारचा ऊस जाऊन प्लॉट पडलेत. तिथल्या खडीत टिटवीने अंडी घातली होती, खडीच्याच रंगाची. कुत्रं आलं की ती ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावायची. ऊन चढलं की पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंडी गार करायची. मी गच्चीतून पाहत राहिले आणि त्यावर गाणं लिहिलं. चालही तिच्याच ओरडण्यातून घेतली: तुटक सूर, मध्ये दम घेतल्यासारखी रिकामी जागा.

ताईंनी ते पाडव्याच्या ऑनलाइन कार्यक्रमासाठी निवडलं. आईने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं.

तालमीला गटातला अनिरुद्ध गायला बसला, तेव्हा टिटवीची कोकिळा झाली होती आणि खडीची आंब्याची फांदी. तिथे कोकिळा स्वतःच्या घरट्यात स्वतःची अंडी उबवत गात होती. ताईंनी शब्दांना जरा हात लावला होता म्हणे.

मी विचारलं, तर त्यांनी समजूत घातली, की टिटवीचं ओरडणं लोक अशुभ मानतात, पाडव्याला ते कोण ऐकेल.

"ताई, कोकिळा घरटं बांधत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. आणि गातो तो नर."

"अगं पूर्णिमा, हे गाणं आहे. प्रॅक्टिकलची जर्नल नाही."

स्क्रीनवर हसरे चेहरे उडाले. अनिरुद्ध म्हणाला, इतकं कोण बघतंय.

"मग आम्हाला उन्हात कशाला पाठवलंत?" मी म्हटलं. "कोकिळा काय, अंथरुणातूनही लिहिता आली असती."

"आपण शिकायला आलो आहोत ना? गाण्यावर नाव तुझंच आहे," ताई म्हणाल्या.

"तेच काढा."

त्यांनी माझा माइक बंद केला आणि तालीम पुढे चालू ठेवली. मी मात्र बंद माइकसमोर बराच वेळ बोलत होते. आई दारात उभी राहून ऐकत होती. नातेवाइकांना आता काय सांगायचं, एवढंच तिने विचारलं.

पाडव्याला तिने कार्यक्रम लावलाच. मी स्वयंपाकघरात होते. पहिल्याच ओळीला चाल ओळखली आणि बाहेर आले. शब्द ताईंचे, आवाज अनिरुद्धचा. सूर तसेच तुटक, रिकामी जागाही जागच्या जागी. खाली अक्षरं आली: गीत शर्मिला, चाल पारंपरिक.

"चाल तुझी ना?" आईने विचारलं. महिनाभर मी गच्चीत ती बसवत असताना तिने ऐकली होती.

"हो."

"मग हे काय लिहिलंय?"

मी गटात लिहिलं: "चाल पारंपरिक नाही. मांजरीतल्या टिटवीवरून मी केली आहे. पूर्णिमा." काही मिनिटांत मला गटातून काढलं. नियम मोडला म्हणे.

मग तेच वाक्य मी त्यांच्या व्हिडिओखाली टाकलं. ते पुसतात. मी परत टाकते. आज सकाळी पाहिलं, तर खाली आईनेही टाकलं होतं, स्वतःच्या पूर्ण नावाने.