आर्डिसची डावी बाजू

“एक जोडी! एक जोडी कमी आहे!” हॉलच्या मधोमध सहा जण एकेक बोट वर करून उभे होते. आर्डिस भिंतीपाशी खुर्ची धरून बसली, तेवढ्यात व्हर्ना येऊन तिच्यासमोर उभी राहिली.

“ऊठ गं बाई. खुर्चीला मुळं फुटतील तुझ्या!”

“जोडीदार कुठाय मला?”

“मी आहे ना! मी बायको, तू नवरा. तू उंच आहेस.”

तिचा नवरा मर्ल जाऊन नऊ महिने झाले होते. विस्कॉन्सिनच्या तळ्याकाठी भरणाऱ्या या चौक-नाचाच्या शिबिराला अडतीस वर्षं दोघं मुक्कामाची गाडी, कॅम्पर, घेऊन येत, शनिवारी दुपारी एकाच कापडाचे शर्ट-झगे घालून नाचत. आता एकटीने काय करायचं, म्हणून लेक उद्या कॅम्पर न्यायला येणार होती. आज मर्लशिवाय नाचायला जमलं तर कॅम्पर ठेवायचा, नाहीतर देऊन टाकायचा, असं आर्डिसने मनाशी ठरवलं होतं. आणि नाचायचं तर पुरुषाच्या जागी. या वयात पुरुष उरतात किती? विधवाच ढीगभर!

ती व्हर्नाच्या डावीकडे, पुरुषाच्या जागी, जाऊन उभी राहिली. पुरुषाचा तळवा वर, बाईचा त्यावर पालथा. आर्डिसने हात सवयीने पालथाच पुढे केला.

“उलटा कर, नवरोबा!” व्हर्ना खिदळली.

डेल्बर्टने माइकवरून चाली सांगायला सुरुवात केली. ‘बायकांनो, मधून पलीकडे!’ म्हटल्याबरोबर आर्डिस निघालीच. मधोमध पाच बायका एकमेकींवर आदळल्या आणि चार जोड्यांचा तो चौक पार विस्कटला. आठही जण मुकाट्याने समोरासमोर दोन रांगा करून उभे राहिले. तशीच रीत आहे. डेल्बर्ट बाकीच्या चौकांनाही अशाच रांगांत आणेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा सामील व्हायचं. आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीचे चौक कसे छान फिरत होते!

“माझ्याच्याने नाही व्हायचं, व्हर्ना.”

“गप्प बस. मर्ल काय करायचा ते आठव, तेवढंच कर.”

तिने आठवलं. पुन्हा चाल सुरू झाली. बायका मधून गेल्या, ती जागेवर थांबली. व्हर्ना परतली तशी तिच्या कमरेमागे हात नेऊन तिला नीट वळवलं. जमलं की! दुसऱ्यांदाही जमलं. कॅम्पर ठेवायचा, आर्डिसच्या मनात आलं. सगळं मर्लसारखं व्हायला हवं, म्हणून पुढच्या वळणाआधी तिने व्हर्नाची करंगळी हलकेच दाबली.

“आई गं! चिमटे काय काढतेस?”

“अगं, वळायच्या आधी दाबायची असते ना. पुरुषाने.”

“कोणी सांगितलं तुला?”

“मर्ल दाबायचा. दर वळणाला.” परके पुरुष दाबत नसत, पण ती खूण आपापल्या बायकोसाठीच असणार, असं ती धरून चालली होती.

व्हर्ना चालता चालता तिच्याकडे बघत राहिली. “माझ्या ऑर्विलने एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही दाबली गं,” ती म्हणाली. “असलं काही नसतं या नाचात.”

अडतीस वर्षं! आणि आर्डिसने एकदाही त्याची करंगळी उलट दाबली नव्हती. बाईच्या वाट्याचं ते काम नाही, असंच वाटलं होतं तिला.

“दाब हवी तर,” व्हर्ना हळूच म्हणाली. “मला चालेल.”

डेल्बर्टने पुढची चाल सांगितली. आर्डिसने तळवा वर केला, व्हर्नाचा हात त्यावर अलगद घेतला आणि न दाबता तिला वळवलं.